अग्निशामक बाटल्याची देखभाल: उघडून, तोलून, पुन्हा भरून

जिन्यात लाल बाटला टांगलेला असतो. त्यावर 'पुढील रिफिल' अशी तारखेची पट्टी चिकटवलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी देखभालीच्या नावाखाली दरवर्षी बदलते ती ही पट्टीच. आतली पावडर, ओ-रिंग (मानेतली गळती रोखणारी रबरी कडी), व्हॉल्व्हची सीट (बंद होताना तो टेकतो ती जागा) यांना कित्येक वर्षांत कोणाचा हात लागलेला नसतो. गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणजे बाटला ठीक, ही समजूतही सर्रास. पण गेज फक्त दाब दाखवतं. पावडर पुरेशी आहे का, ती मोकळी आहे की दगड झाली आहे, खुद्द गेजचा काटाच अडकला आहे का, हे त्याच्यावरून कळत नाही.

हा लेख दोघांसाठी आहे: सोसायटीत, दुकानात, कारखान्यात या बाटल्यांची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी आणि रिफिलिंगच्या वर्कशॉपमध्ये नुकतंच काम शिकू लागलेल्यांसाठी. पहिल्यांनी महिन्याची तपासणी स्वतः करावी आणि उघडण्याचं काम होताना शेजारी उभं राहून बघावं. दुसऱ्यांनी ते काम सुरुवातीला जाणत्या माणसाच्या नजरेखालीच करावं. १५ बार (चौरस सेंटीमीटरला साधारण १५ किलो) दाबाखालचा व्हॉल्व्ह सुटला तर गोळीसारखा जातो.

आधी बाटला ओळखा

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो एबीसी पावडरचा, गेज असलेला. यात मोनो अमोनियम फॉस्फेटची पावडर आणि तिच्यासोबत त्याच डब्यात सुमारे १५ बार दाबाचा नायट्रोजन असतो. १, २, ४, ६ आणि ९ किलो ही नेहमीची मापं. लेबलवर एमएपी ५० किंवा एमएपी ९० असं लिहिलेलं असतं, ते पावडरीतल्या फॉस्फेटचं टक्क्यातलं प्रमाण. रिफिल करताना ९० च्या जागी ५० भरली तरी बाहेरून काही फरक दिसत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्यावी.

कार्बन डायऑक्साइडचा बाटला जड, गेज नसलेला आणि तोंडाला काळा शिंगासारखा हॉर्न असलेला. जुन्या इमारतींत कार्ट्रिजवाले बाटलेही सापडतात: डब्यात पावडर किंवा पाणी बिनदाबाचं पडून असतं आणि नॉब ठोकल्यावर छोटी गॅसची कार्ट्रिज फुटून दाब तयार होतो. याशिवाय ९ लिटरचे पाण्याचे आणि फोमचे, सर्व्हर रूममध्ये क्लीन एजंटचे (मागे भुकटी किंवा ओल न ठेवणाऱ्या गॅसचे) आणि हॉटेलच्या भटारखान्यात तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचे.

आगीच्या वर्गांबाबत एक घोटाळा नेहमी होतो. अमेरिकन व्हिडिओंत 'सी' म्हणजे विजेची आग. भारतीय मानकांत ए म्हणजे लाकूड-कागद-कापड, बी म्हणजे पेट्रोल-रॉकेलसारखे द्रव आणि सी म्हणजे ज्वालाग्राही वायू. विजेच्या पॅनलजवळ बाटला ठेवताना हे अक्षर बघून चालत नाही, विजेवर वापरता येतो का हे लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं ते बघावं लागतं.

दर महिन्याला काय बघायचं

बाटला ब्रॅकेटवरून उतरवा. टांगलेल्या बाटल्यावरून नजर फिरवणं ही तपासणी नव्हे, कारण गंज धरतो तो मागच्या बाजूला आणि बुडाच्या कडेला, जिथे फरशी पुसल्याचं पाणी उडतं. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत, हा बुडाचा गंज फार लवकर येतो. रंगाला फुगा आला असेल तर नखाने टोकरून बघा. खाली तांबडी भुकटी निघाली तर बाटला सर्व्हिसला पाठवायचा.

काटा हिरव्यात हवा. गेजच्या काचेवर बोटाने टिचकी मारा. काटा टिचकीसरशी उडी मारून खाली बसला तर तो अडकलेला होता. पिन जागेवर आणि प्लॅस्टिकचं सील अखंड हवं. सील हाताच्या झटक्याने तुटणारंच हवं. पिन हरवते म्हणून तिथे जाड तार पिळून ठेवणारे महाभाग आहेत, आणि ऐन वेळी पक्कड शोधावी लागते. होजला वाकवून चिरा बघा. नॉझलच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाका: कुंभारीण माशीला हे भोक घर बांधायला फार आवडतं. मातीचा गोळा आत वाळला की पावडर बाहेर येत नाही.

पावडरचा बाटला तीन महिन्यांतून एकदा उलटा करून, बूड कानाजवळ धरून हलवा. पावडर सरकल्याचं हाताला जाणवायला हवं. रस्त्यावर सतत धावणाऱ्या ट्रक-बसमधल्या, जनरेटरजवळच्या बाटल्यांत कंपनांनी पावडर दाबून बसते, तिथे हे दर महिन्याला करावं.

मग वजन. बाटल्यावर भरलेलं एकूण वजन लिहिलेलं असतं, नसेल तर शेवटच्या सर्व्हिसच्या टॅगवर हवं. पावडरच्या बाटल्यात वजन आणि गेज एकमेकांची चूक पकडतात. आतला नायट्रोजन शंभर ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे दाब गेला तरी वजनकाट्यावर पत्ता लागत नाही. उलट ६ किलोच्या डब्यात ४ किलोच पावडर भरून दाब नीट दिला तर काटा झोकात हिरव्यात उभा राहतो. ही लबाडी फक्त वजनात सापडते.

एबीसी बाटला उघडून सर्व्हिस करणं

सामान: १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, बाटला पकडायला पट्ट्याचा व्हाइस, व्हॉल्व्हला बसणारा पाना, धुळीचा मास्क आणि चष्मा, झाकणाची कोरडी बादली, चाळणी, रुंद तोंडाचं नरसाळं, मऊ ब्रश, बॅटरी, त्या मॉडेलच्याच मापाची ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, रेग्युलेटरसह नायट्रोजन सिलिंडर, होजच्या आट्यांना बसणारा अडॅप्टर, साबणाचं पाणी. बाटला कोरड्या दिवशी, कोरड्या खोलीत उघडायचा. पंखा बंद.

१. आलेल्या अवस्थेतलं वजन आणि गेजचं वाचन लिहून ठेवा. उत्पादनाची तारीख आणि शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याचा दाब देऊन केलेल्या डब्याच्या चाचणीची) तारीख बघा. बाटल्याचं आयुष्य संपलेलं असेल तर पुढचं काहीच करायचं नाही.

२. दाब काढा. बाटला पूर्ण उलटा धरून, नॉझल बादलीत किंवा फिल्टरच्या पिशवीत सोडून, लीव्हर दाबा. उलटं का? आतली सायफन ट्यूब बुडापर्यंत गेलेली असते. बाटला उभा असताना तिचं तोंड पावडरीत बुडालेलं असतं, उलटा केला की ते वरच्या मोकळ्या गॅसमध्ये येतं. त्यामुळे गॅस निघून जातो आणि पावडर जवळपास सगळी आत राहते. फुसफुस थांबली तरी लीव्हर थोडा वेळ दाबलेलाच ठेवा.

३. आता गेज बघा. काटा शून्यावर आला नाही तर दोनच शक्यता: आत अजून दाब आहे किंवा गेज बिघडलेलं आहे. नॉझल तुंबलेलं असताना 'गॅस संपला' असं वाटणं हा या कामातला सगळ्यात घातक गैरसमज आहे. होज काढून पुन्हा लीव्हर दाबा. खात्री झाल्यावरच व्हाइसमध्ये पकडून व्हॉल्व्ह हळूहळू सैल करा, चेहरा तोंडाच्या रेषेत न आणता. एखाद-दुसऱ्या आट्यात हिस्स आवाज आला तर तिथेच थांबा, तो पूर्ण निवेपर्यंत पुढे फिरवू नका. शून्यावर न येणारं गेज पुन्हा वापरायचं नाही.

४. पावडर चाळणीतून बादलीत ओता. चांगली पावडर पाण्यासारखी वाहते. बोटांच्या हलक्या दाबाने भुगा होणारे गोळे चालतात. चिमटीत न फुटणारे खडे दिसले तर सगळी पावडर बाद. चाळून 'चांगली' तेवढी परत भरायचा मोह होतो, पण खडे झाले म्हणजे ओल आत शिरलेली आहे आणि उरलेली पावडरही महिन्याभरात तीच वाट धरणार. बादलीवर झाकण लगेच ठेवा.

पावडरीची सरमिसळ कधीही करू नये. एबीसीतलं फॉस्फेट आम्लधर्मी आणि बीसी पावडरीतलं सोडियम बायकार्बोनेट अल्कलीधर्मी. दोन्ही एकत्र आली आणि थोडी ओल मिळाली की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सुटतं, दाब वाढतो, पावडर दगड होते. म्हणून नरसाळं, चाळणी, बादली दोन्हींसाठी वेगळी ठेवावी. दोन कंपन्यांची एबीसीसुद्धा एकत्र करू नये आणि रंगावरून प्रकार ठरवू नये. नवीन पावडरीच्या पिशवीवर आयएस १४६०९ (एबीसी पावडरीचं भारतीय मानक) आणि आयएसआय चिन्ह बघून घ्या.

५. डब्यात बॅटरी टाकून भिंती, वेल्डिंगची रेघ आणि बूड बघा. गंजाचे खड्डे, वेल्डिंगवरचा पोचा, आट्या झिजलेल्या, असं काही दिसलं की डबा बाद. बाटल्याच्या डब्याला वेल्डिंग करून वापरात ठेवणं हा गुन्हा समजावा.

६. व्हॉल्व्हवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण रिफिलनंतरची गळती बहुतेक वेळा इथूनच होते. सायफन ट्यूब काढा, स्टेम (व्हॉल्व्हची आतली दांडी) आणि स्प्रिंग सुटे करा, ब्रशने आणि कोरड्या हवेने झाडा. स्टेमच्या रबरी सीटवर पावडरीचा एक कण अडकला तरी तिथून गॅस हळूहळू निघत राहतो. एखाद्याने गंमत म्हणून सेकंदभर लीव्हर दाबला आणि पिन परत लावून बाटला टांगून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी काटा खाली येतो तो याच कारणाने. थोडा वापरलेला बाटला हा रिकामाच समजायचा. सीटवर खाच पडली असेल तर स्टेम बदला. सायफन ट्यूबला चीर नाही ना, आट्यांत घट्ट बसते ना, हे बघा. ट्यूब आत निखळून पडलेला बाटला उभा धरून चालवला तर निव्वळ गॅस फुसकन जातो आणि पावडर आतच राहते.

मानेची ओ-रिंग दर वेळी नवीन घाला. तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. जास्त ग्रीसला पावडर चिकटते. मशीनचं तेल किंवा पेट्रोलियम ग्रीस काही प्रकारचं रबर फुगवतं, ते लावू नये.

७. रिकामा डबा काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि पावडर भरा. ६ किलोच्या बाटल्यात फरक शंभरएक ग्रॅमच्या आत राहायला हवा. नवीन पावडर हवेने फुगलेली असते, त्यामुळे पाच किलोतच डबा भरल्यासारखा वाटतो. नवशिके इथे भरणं थांबवतात. रबरी हातोडीने डब्याला हलके ठोके द्या, चार-पाच मिनिटं थांबा, पावडर बसते आणि उरलेली मावते. भरून झाल्यावर मानेच्या आट्या आणि ओ-रिंग टेकते ती कड ब्रशने लख्ख करा. व्हॉल्व्ह आधी हाताने पूर्ण बसवा, शेवटचा आवळ पान्याने.

८. होजच्या जागी अडॅप्टर लावून नायट्रोजनची नळी जोडा. नायट्रोजन सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय जोडणं म्हणजे बाटला फोडणंच. रेग्युलेटर लेबलवरच्या दाबावर, बहुधा १५ बारवर, लावा. लीव्हर दाबा, गॅस आत जाऊ द्या, आवाज थांबला की आधी लीव्हर सोडा आणि मग सिलिंडरचा कॉक बंद करा. क्रम उलटा झाला तर पावडर मागे नळीत येते. दाब ठरवताना रेग्युलेटरवर विश्वास ठेवायचा, बाटल्याच्या छोट्या गेजवर नव्हे. पण दोघांत ठळक फरक दिसला तर गेज बदला. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरून दाब देणारे आहेत. त्या हवेत पाण्याची वाफ आणि तेल असतं, आणि पावडरीची माती व्हायला तेवढं पुरतं.

९. मान, गेजची बूड आणि व्हॉल्व्हचं तोंड यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर दाब काढून पुन्हा पहिल्यापासून. दाबाखाली आवळून गळती थांबवायची नाही. पाणी पुसून, होज न लावता बाटला एक दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी काटा तिथेच असेल तर होज, पिन, सील लावा.

१०. एकूण वजन पुन्हा घ्या आणि टॅगवर लिहा: रिफिलची तारीख, पावडरीची ग्रेड, एकूण वजन, हायड्रो टेस्टची तारीख, काम करणाऱ्याची सही. काम बाहेरून करून घेत असाल तर जुनी ओ-रिंग परत मागा. ती द्यायला जो कां-कू करतो त्याने बाटला उघडलेलाच नाही असं समजायला हरकत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा बाटला

याला गेज नसतं, आणि ते योग्यच आहे. आत द्रव आणि वायू एकत्र असतात, आणि द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर: २० अंशांना सुमारे ५७ बार, मग गॅस पूर्ण असो की निम्मा. त्यामुळे इथे वजन हाच एकमेव पुरावा. खांद्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा करा; भरणा लेबलवरच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी असेल, म्हणजे ४.५ किलोच्या बाटल्यात गॅस ४.०५ किलोच्या खाली गेला असेल, तर भरायला पाठवा. कोरलेलं वजन हॉर्न-होजसकट आहे की त्यांच्याविना, हे आधी नीट वाचा. खोट्या 'गळती'चं नेहमीचं कारण तेच.

हा बाटला जास्त भरणं हे कमी भरण्यापेक्षा वाईट. एक लिटर जागेत साधारण ६६७ ग्रॅम गॅस, ही मर्यादा आहे. ३१ अंशांपुढे आत द्रव-वायू असा भेद उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून बंद गाडीत, पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात हा बाटला ठेवू नये. दाब फारच वाढला तर व्हॉल्व्हवरची सेफ्टी डिस्क फुटते आणि बाटला रिकामा होतो. तिच्या जागी खिळा किंवा वॉशर ठोकून 'दुरुस्ती' केलेली दिसली तर तो बाटला वापरात ठेवू नका. भरणं आणि चाचणी गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली परवाना असलेल्या ठिकाणीच. घरच्या घरी याचा व्हॉल्व्ह खोलायचा नाही.

हॉर्नचा जोड आणि पकडायची मूठ शाबूत आहे ना, तेही बघा. चालू बाटल्याचा उघडा हॉर्न हातात धरला तर कातडी गारठून चिकटते.

कार्ट्रिज, पाणी, फोम

कार्ट्रिजवर तिचं भरलेलं वजन कोरलेलं असतं. काढून तोला, १० टक्के गॅस कमी असेल तर नवीन. ९ लिटरच्या पाण्याच्या बाटल्याला ६० ग्रॅमची कार्ट्रिज लागते. टोपीच्या आट्यांजवळची बारीक छिद्रं रंगाने बुजलेली नसावीत. टोपी उघडताना आत दाब राहिला असेल तर तो तिथूनच निघून जातो. पुन्हा रंग मारताना हीच छिद्रं हमखास बुजवली जातात.

६ टक्क्यांच्या फोमसाठी ९ लिटरमध्ये ५४० मिलीलिटर फोमचं मूळ द्रावण आणि ८.४६ लिटर पाणी. आधी पाणी, मग द्रावण, नाहीतर फेसच डबा भरतो. बोअरचं खारं पाणी टाळा, डबा आतून खातं.

हायड्रो टेस्ट

आयएस २१९० (बाटल्यांच्या निवडीचं आणि देखभालीचं भारतीय मानक) प्रमाणे पावडर, पाणी आणि फोमच्या बाटल्यांची दर ३ वर्षांनी ३५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला अडीच मिनिटं चाचणी होते. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांची दर ५ वर्षांनी, खांद्यावर कोरलेल्या चाचणी-दाबाला. चाचणी पाण्यानेच करायची, हवेने नाही. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे डबा फाटला तरी नुसती चीर पडून पाणी गळतं. दाबलेली हवा मात्र स्फोट करते. डबा काठोकाठ भरून आतली हवा घालवली नाही तर हाच धोका परत येतो. दाब उतरू नये, पाझर दिसू नये, डबा फुगू नये.

पावडरच्या डब्यासाठी खरी कसोटी चाचणीनंतर असते. उलटा करून निथळा, गरम हवेने वाळवा, बॅटरीने बघा, मग पुन्हा वाळवा. वेल्डिंगच्या खोबणीत राहिलेला चमचाभर ओलावा सहा किलो पावडर वाया घालवतो. ज्योत दाखवून वाळवू नका. या वेळी पावडर बाहेर काढावीच लागते, तेव्हा नवीनच भरावी.

जुलैचं प्रमाणपत्र

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. बोलीभाषेत 'बी फॉर्म'. यातला जुलै ऐन पावसाचा. त्या घाईत गच्चीखालच्या ओल्या जिन्यात बाटले उघडून पावडर भरली जाते आणि दिवाळीपर्यंत तिचे खडे होतात. उघडण्याचं काम डिसेंबर ते मे या काळात आटोपून घ्या. जुलैत वजन, गेज, नॉझल, होज एवढंच बघायचं ठेवा. सगळे बाटले एकदम वर्कशॉपला पाठवू नका. अर्धे पाठवावेत किंवा तेवढे दिवस बदली बाटले मागावेत.

बाद कधी आणि कसा

उत्पादनाच्या तारखेपासून पावडर, पाणी, फोम आणि क्लीन एजंटचे बाटले १० वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडचे १५ वर्षांनी बाद होतात, बाहेरून कितीही नवे दिसले तरी. बाद बाटला दाब काढून, व्हॉल्व्ह उतरवून, रिकामा करून भंगारात द्या, पण त्याआधी डब्याला ड्रिलने आरपार भोक पाडा. नाहीतर लाल रंगाचा हात मारून तोच बाटला पुन्हा बाजारात येतो. क्लीन एजंटचा गॅस हवेत सोडायचा नाही, तो बाटला रिफिलरकडेच परत द्यायचा. जुनी एबीसी पावडर गोण्यांत भरून वर्कशॉपलाच द्यावी. गटारात ओतली तर ती पाण्याने घट्ट होऊन पाइप तुंबवते.